सावडीतली मजुरी

२००७ सालच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक आगळीक झाली. ती आगळीक आहे हे मला लगोलग सुनावण्यात आलं. पण सुनावणाऱ्यांनी बोट भलत्याच जागी ठेवलं आणि मला तर ती त्या वेळी दिसलीच नाही. हा लेख म्हणजे ती नेमकी कुठे होती हे शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

माझं तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं आणि वर्षातून चार वेळा एका स्थानिक त्रैमासिकाचा अंक. या त्रैमासिकाचा अकरा वर्षांचा मजकूर माझ्याकडे जुन्या फाँटमध्ये पडून होता. त्या पिढीतले देवनागरी फाँट म्हणजे रोमन अक्षरांच्या घरात भाड्यानं राहणारी देवनागरी चित्रं. फाँट काढून घेतला की पानभर रोमन अक्षरांची खिचडी उरायची. सगळं युनिकोडमध्ये न्यायचं तर प्रत्येक चिन्हाची जोडी लावणारा तक्ता हवा, आणि नुसता तक्ताही पुरत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं बरोब्बर उलटं. मी बी.कॉम. झालेला माणूस. हे सगळं मला शिकवलं ते मराठी टंकलेखनाच्या अडचणी फुकट सोडवून देणाऱ्या एका मंडळीतल्या परदेशस्थ अभियंत्यानं. तीन संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी घालवल्या. तक्ता आम्ही दोघांनी मिळून केला. शेवटी मी विचारलं, ‘काय देऊ?’ तो म्हणाला, ‘काही नको. जे जमलंय ते इथे सगळ्यांसाठी लिहून ठेवा.’

मी लिहून ठेवलं नाही. आज उद्या करत राहून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सहा महिन्यांनी एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी त्याच मंडळीत तीच अडचण विचारली. त्यांच्या जुन्या स्मरणिका होत्या. मी उत्तर दिलं : ‘हे काम होऊ शकतं. पानाला दोन रुपये. संपर्क साधावा.’ खाली दुकानाचा नंबर. तासाभरात एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, ‘सावडीला आलेल्यानं मजुरी मागू नये. इथे दुकान मांडू नका.’ मागोमाग आणखी चौघांनी री ओढली. मी शेतकऱ्याच्या घरातला. सावड हा शब्द वर्मी बसला. रागानं मी ती मंडळी सोडली. ग्रंथपालांचा फोन मात्र आला. एकोणीसशे पानं झाली, तीन हजार आठशे रुपये मिळाले.

तेव्हापासून मला एक नाद लागला. फुकट तांत्रिक मदत करणाऱ्या मंडळींच्या नियमावल्या जमवायच्या, छापून घ्यायच्या आणि समासात खुणा करत वाचायच्या. आमच्याकडे नियमावली हा समीक्षेचा विषय मानला जात नाही. पण कुणाला काय मागता येतं, काय मागणं लाजिरवाणं आहे आणि ही लाज कुणाच्या वाट्याला येते हे कथा-कादंबऱ्यांइतकंच नियमावल्याही सांगतात. फक्त त्या ते न कळत सांगतात.

आधी सावडीचं. ज्यांना हा शब्द पुस्तकातूनच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सावड म्हणजे तुझे बैल, तुझी माणसं आज माझ्या रानात, माझी उद्या तुझ्या रानात. पैसा नाही, पण हिशेब आहे. तो तोंडी असतो आणि पक्का असतो. इर्जिक म्हणजे एकाच्या नांगरटीला अनेकांनी आपापल्या जोड्या घेऊन यायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. याखेरीज रोजंदारी होती, गुत्तं होतं. ही सगळी कामं एकाच शिवारात, कधी कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना चालत, आणि कुणाचा गोंधळ होत नसे. माझ्या चुलत्यांनी सकाळी सावड फेडून दुपारी त्याच माणसाच्या विहिरीचं गुत्तं घेतल्याचं मी पाहिलेलं आहे. मजुरी मागणं यात गैर काहीच नव्हतं. कोणत्या वेळी काय चाललंय हे दोघांना ठाऊक असणं एवढंच महत्त्वाचं होतं. आणखी एक गोष्ट, जी सावडीचे गोडवे गाताना आपण सोयीस्करपणे विसरतो. सावडीला जायला बैल लागतात. ज्याच्याकडे जोडी नाही तो बरोबरीच्या नात्यानं सावडीत नसे, तो रोजंदारीवर असे. ज्येष्ठांचा शब्द मला वर्मी बसला त्याचं एक कारण हेही असावं.

संगणकाच्या जगातली सावड कुठून सुरू झाली याची एक प्रसिद्ध जागा आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. घरी संगणक जोडू पाहणारे हौशी लोक एकमेकांना अडलेलं सांगत, सुटे भाग देत, नकाशे देत. पुढे गर्दी वाढल्यावर बैठका स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्राच्या सभागृहात होऊ लागल्या. त्या चालवण्याची ली फेल्सेनस्टाइन यांची पद्धत स्टीव्हन लेव्ही यांनी आपल्या ‘हॅकर्स’ या १९८४ सालच्या पुस्तकात नोंदवली आहे. ती मला कोणत्याही लेखी नियमावलीपेक्षा शहाणी वाटते. आधी सगळ्यांसमोर एकेकानं उठून सांगायचं : माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, मी अमुक ऐकलंय. मग बैठक मोडायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं त्याला गाठायचं. पहिला भाग सभेचा, दुसरा बाजाराच्या दिवसासारखा. दोन्ही एकाच छपराखाली, पण वेळा वेगळ्या.

या क्लबशी जोडलेल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली सर्वांना ठाऊक आहे. आल्टेअर यंत्रासाठी बिल गेट्स आणि मंडळींनी लिहिलेल्या बेसिक भाषेची कागदी फीत क्लबात पोचली आणि तिच्या नकला वाटल्या गेल्या. एक नक्कल न्यायची आणि पुढच्या वेळी दोन आणायच्या असा प्रघात पडला. ३ फेब्रुवारी १९७६ तारखेचं गेट्स यांचं हौशी लोकांना उद्देशून लिहिलेलं अनावृत पत्र क्लबाच्या वार्तापत्रात आलं. चाळीस हजार डॉलरांहून अधिक किमतीचा संगणक-वेळ खर्च झाला, आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तुम्ही चोर आहात, असा सूर होता. पत्राचा क्लबाला राग आला तो पैसे मागितल्याचा, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. कारण दुसरी घटना.

स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक याच क्लबात आपल्या संगणकाचे नकाशे फुकट वाटत होते. त्यांना ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी होती. वाटणं परवडत होतं. लोकांना नकाशा मिळतो पण जोडायला वेळ नसतो हे स्टीव्ह जॉब्ज यांनी हेरलं. माउंटन व्ह्यूमधल्या बाइट शॉपचे मालक पॉल टेरेल हेही क्लबातलेच. त्यांनी जोडलेल्या पन्नास यंत्रांची मागणी नोंदवली, प्रत्येकी पाचशे डॉलर, माल हातात पडल्यावर रोख. ॲपलचा जन्म तो असा, फुकट मदतीच्या सभागृहात मिळालेल्या कामातून. यात कुणाचा अपमान झाला नाही, कारण नकाशा आधीच सगळ्यांच्या हातात होता. ज्याला स्वतः जोडायचं त्यानं जोडावं, ज्याला सवड नाही त्यानं पैसे द्यावेत. गेट्स यांनी फीत बंद मुठीत ठेवून पैसे मागितले, वॉझ्निअ‍ॅक यांनी मूठ उघडली आणि पैसे मागून आले. गेट्स यांची मागणी अन्यायाची होती असं मी म्हणत नाही. दिवसरात्र खपलेल्या माणसाला दोन डॉलर तास हा अन्यायच आहे. मला एवढंच दाखवायचंय की त्या सभागृहाला पैशाचा वास वर्ज्य नव्हता.

हीच गोष्ट रिचर्ड स्टॉलमन यांच्या बाबतीत अधिक ठळक आहे. आपल्याकडे त्यांचं नाव काढलं की संन्याशाची आठवण होते. पण १९८५ साली ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये जाहीरनामा छापणारे हे गृहस्थ ईमॅक्स या आपल्या मुक्त संपादकाची फीत दीडशे डॉलरांना विकत. मुक्ततेचा संबंध किमतीशी नसून वापराच्या अधिकाराशी आहे, असं ते पहिल्यापासून सांगत आले. आणि त्यांच्या संस्थेनं एक साधी, जवळजवळ घरगुती सोय केली होती, जिच्याबद्दल मला फार कमी लिहिलेलं आढळलं. ईमॅक्सबरोबर ‘सर्व्हिस’ नावाची एक फाइल येत असे. मुक्त सॉफ्टवेअरसाठी मोबदला घेऊन मदत करायला कोण तयार आहे त्यांची नावं, पत्ते आणि दर. काहींनी ‘फुकटही करू’ असं लिहिलेलं. मदतीच्या चर्चेत कुणी दर सांगायचा नाही. पण ज्याला माणूस हवा त्यानं ती यादी उघडायची. गावात गवंड्याचा पत्ता किराणा दुकानात मिळतो तसं. १९८९ साली निघालेल्या सिग्नस या कंपनीनं तर मुक्त सॉफ्टवेअरला आधार देण्याचाच धंदा केला आणि तो चालवून दाखवला.

मग लाज कधी शिरली? मला वाटतं १२ एप्रिल १९९४ या तारखेनंतर ती पक्की झाली. ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्यानं अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीचे अर्ज पैसे घेऊन भरून देण्याची जाहिरात यूझनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली. प्रत्येक गटात स्वतंत्रपणे टाकली, म्हणजे एकदा वाचून बाजूला सारली तरी पुढच्या गटात पुन्हा समोर. व्याकरणाच्या गटात, गणिताच्या गटात, बागकामाच्या गटात तोच मजकूर. त्या दिवशी जे जखमी झाले त्यांनी पुढच्या दशकाच्या नियमावल्या लिहिल्या. आणि जखमी माणूस नियम लिहितो तेव्हा तो सगळ्या अनोळखी माणसांना दरोडेखोर धरूनच लिहितो. हजारो ठिकाणी जाहिरात फेकणारा आणि एका प्रश्नाखाली ‘हे मी करून देईन’ म्हणणारा यांतला फरक त्या भाषेत उरला नाही. दोघांना एकच शब्द, स्पॅम.

या काळातली सर्वांत वाचली गेलेली संहिता म्हणजे एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ साली लिहिलेलं शहाणपणानं प्रश्न विचारण्याचं मार्गदर्शन. असंख्य मंडळींनी नवागताच्या तोंडावर मारायला ते वापरलं आहे. मलाही ते दोनदा दाखवण्यात आलं. या लिखाणाविषयी माझं मत दुभंगलेलं आहे.

चांगलं आधी सांगतो. उत्तर खाजगीत मागू नये, असं ही संहिता सांगते आणि त्याची कारणंही देते. प्रश्न सोडवणं उघड्यावर चाललं तर पहिल्या उत्तरातली चूक दुसऱ्या जाणत्याच्या नजरेस पडते आणि दुरुस्त होते. शिवाय उत्तर देणाऱ्याला चारचौघांत जाणता म्हणून ओळख मिळते, तेच त्याचं वेतन. प्रश्न सुटल्यावर कसा सुटला ते लिहून जावं, असंही ती बजावते. हे दोन नियम मला या सबंध परंपरेतलं खरं धन वाटतात. त्यांत पैशाचा उल्लेख नाही. त्यांची काळजी आहे उत्तर कुठे राहील याची.

आता दुसरी बाजू. याच संहितेत प्रश्नकर्त्याला वारंवार आठवण दिली जाते की तू पैसे मोजत नाहीस, म्हणून उत्तरावर तुझा हक्क नाही. आमची रीत सोसत नसेल तर पैसे मोजून सेवा विकत घे. वाक्य तर्काला धरून आहे. पण ती विकत कुठे आणि कुणाकडून घ्यावी हे सांगितलेलं नाही. जिथे जाणती माणसं जमलेली आहेत तिथे त्यांना विचारायचं नाही, आणि बाहेर कोण आहे ते माहीत नाही. स्टॉलमन यांच्या फाइलीत जे दार होतं ते इथे भिंत झालंय. आणखी एक. प्रश्नावर ‘अर्जंट’ लिहू नये असा नियम आहे. तुमची घाई ही तुमची अडचण. बरोबरच आहे. पण आमच्या भागात ‘अर्जंट’ लिहिणारा माणूस उद्धट नसतो. बहुतेकदा त्याच्या डोक्यावर साहेब उभा असतो आणि त्याला त्याच दिवशी अहवाल द्यायचा असतो. त्याला पैसे देऊन मोकळं व्हायची इच्छाही असते. त्याच्या घाईत कुणाचं तरी एक दिवसाचं काम दडलेलं असतं. ते काम करू शकणारा एखादा पोरगा त्याच मंडळीत गप्प बसलेला असतो, कारण बोलला तर दुकानदार ठरेल.

उत्तर देणाऱ्यांच्या निःस्वार्थीपणाबद्दलही जरा धीरानं बोलावं. करीम लखानी आणि एरिक फॉन हिप्पेल यांनी अपाची या सर्व्हर-प्रणालीच्या यूझनेटवरील मदत-गटाचा अभ्यास करून २००३ साली तो ‘रिसर्च पॉलिसी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की मदत करणारे आपल्या श्रमांतले सुमारे ९८ टक्के श्रम स्वतःच्या शिकण्यासाठी, म्हणजे इतरांचे प्रश्न आणि उत्तरं वाचण्यात घालवत. प्रत्यक्ष उत्तर लिहिण्याला मिनिटं लागत, कारण उत्तर त्यांना आधीच माहीत असे. मला हा निष्कर्ष फार आवडतो, तो त्यागाचं अवडंबर उतरवून ठेवतो म्हणून. सावडीचा तोंडी हिशेब इथेही चालूच होता आणि फिटतही होता. पण तो फिटतो केव्हा? उद्या हे शिकलेलं वापरायला हाताशी पगाराची नोकरी असेल तेव्हा. बैल असतील तेव्हा.

ज्याच्याकडे बैल नाहीत त्याचं काय होतं याचा एक जाहीर दाखला आहे. ‘कोअर-जेएस’ नावाचा जावास्क्रिप्टचा एक संच आहे. असंख्य संकेतस्थळांच्या पोटात तो असतो. वापरणाऱ्यांना बहुधा ठाऊकही नसतं. त्याचा बराचसा भार एकट्या रशियन प्रोग्रामरनं वाहिला. संच बसवताना पडद्यावर एक निरोप दिसे : जमल्यास वर्गणी द्या, आणि या संचाचा लेखक चांगली नोकरी शोधतो आहे. २०१९ साली यावर गदारोळ उठला. आमच्या पडद्यावर जाहिरात नको, हा भिकारडेपणा आहे, असं त्याच्याच श्रमावर उभ्या असलेल्या लोकांनी त्याला ऐकवलं. मी त्या ओळीचा बराच विचार केला. तिनं काही झाकलेलं नव्हतं, कुणाचं उत्तर अडवलेलं नव्हतं. संच पूर्ण उघडा, फुकट, हवा त्यानं घ्यावा. पाचशे डॉलरांची पन्नास यंत्रं मिळवणाऱ्यांपेक्षा ही मागणी कितीतरी नम्र होती. पण होमब्रूच्या सभागृहात उठून ‘मला काम हवंय’ म्हणता येत होतं. इथे ते म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून त्यानं ते जिथे म्हटलं तिथे ते आगाऊपणाचं दिसलं.

डेबियनच्या मंडळींनी हा पेच आपल्या परीनं सोडवला आहे. त्यांच्या टपाल-याद्यांवर जाहिरात करायची तर प्रकल्पाला किमान १००० डॉलर दान केल्याचं दाखवा, नाहीतर १९९९ डॉलर शुल्क भरा, असा त्यांचा लेखी नियम. वाचताना हसू येतं, पुण्याच्या पाट्यांची आठवण होते. नियमाचा रोख अर्थात फुकट्या जाहिरातबाजांकडे आहे. त्याच वेळी त्यांनी मोबदला घेऊन काम करणाऱ्या सल्लागारांची देशवार यादी वेगळी ठेवली. सभा आणि बाजार यांच्या वेळा त्यांनी पुन्हा वेगळ्या केल्या. मी वाचलेल्या नियमावल्यांत ही मला सर्वांत समंजस वाटली. आक्षेप घ्यायचाच तर एवढाच की पाटी मोठी आहे आणि यादीचं दार लहान. नवागताला पाटी आधी दिसते.

आणि मग सगळ्यांत मोठं सभागृह, २००८ साली सुरू झालेलं स्टॅक ओव्हरफ्लो. तिथलं उत्तर नीटनेटकं हवं, नमस्कार-चमत्कार नकोत, आभारही नकोत, उत्तराखाली आपली जाहिरात तर नकोच. नोकऱ्यांसाठी त्यांनी वेगळा विभाग काढला होता, तो २०२२ मध्ये बंद केला. लाखो माणसांनी तिथे उत्तरं लिहिली, कुणीही वापरावीत अशा परवान्याखाली. २०२१ साली प्रोसस या कंपनीनं हे स्थळ एक अब्ज ऐंशी कोटी डॉलरांना घेतलं. मे २०२४ मध्ये ओपनएआयशी करार जाहीर झाला, तेव्हा काहींनी निषेध म्हणून आपलीच उत्तरं पुसायला किंवा बदलायला घेतली. ती पूर्ववत करण्यात आली आणि बदलणाऱ्यांची खाती तात्पुरती बंद झाली. परवान्याच्या दृष्टीनं यात बेकायदा काही नसेल. उत्तर उघड्यावर राहावं असं मीच वर म्हटलंय, तेव्हा पुसणाऱ्यांची बाजू मला पुरती घेता येत नाही. पण एका नियमावलीचा अभ्यासक म्हणून मला हे नोंदवायलाच हवं : सावडीला आलेल्यानं मजुरी मागू नये ही लाज पंधरा वर्षं काटेकोरपणे फक्त औतामागच्या माणसांना लागू होती. शिवाराच्या मालकाला ती कुणी विचारली नाही. दोन रुपये पान म्हणणारा दुकानदार ठरतो आणि सबंध शिवार विकणारा ठरत नाही, तेव्हा नियमाचं लक्ष पैशाकडे नव्हतं हे तरी मान्य करावं. ते मागणाऱ्याच्या पायरीकडे होतं.

म्हणून आता मी कोणतीही नियमावली हातात आली की तिच्यात एकच गोष्ट शोधतो. काम मागण्यावर ती कुठे बोट ठेवते? ‘उत्तर इथेच, पूर्ण द्या, मग खाली आपण हे मोबदल्यावरही करतो एवढी ओळ लिहायला हरकत नाही’ असं म्हणते, की नुसतंच ‘धंदा नको’ म्हणते? पहिली जात दुर्मीळ आहे. दुसऱ्या जातीच्या नियमावलीखाली काय होतं हे मी स्वतः दाखवलं आहे. शिष्टाचार न मोडणारे गुपचूप खाजगी निरोप पाठवतात आणि उत्तर नेमकं तिथेच नेतात जिथे ते जाऊ नये. सभेत पैशाचं नाव नाही, आणि सगळा व्यवहार पायऱ्यांवर. देवळांच्या बाबतीत हे आपल्याला नवीन नाही.

राहता राहिली माझी आगळीक. ती मला गेल्या वर्षी दिसली, आणि तीही माझ्या हुशारीनं नव्हे.

जुन्या स्मरणिकांवर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीला फाँट बदलायचे होते. ती कुणाच्या तरी ओळखीनं माझ्यापर्यंत आली. दुकान मी कधीच बंद केलंय. या वेळी मी तो सतरा वर्षांपूर्वीचा तक्ता शोधून काढला आणि जसाच्या तसा उघड्यावर ठेवला, ज्या अभियंत्यानं तीन संध्याकाळी दिल्या होत्या त्याच्या श्रेयासकट. खाली एक ओळ लिहिली : वेळ नसेल तर हे काम मी मोबदल्यावर करून देतो. तिनं मोबदल्याचं विचारलं नाही. चार दिवसांनी तिचा निरोप आला. ‘काका, तुमच्या तक्त्यात ऱ्या चुकलाय.’

मराठीत र आणि य दोन प्रकारे जोडले जातात. सूर्याचा र्य डोक्यावर रफार घेतो. दुसऱ्याचा ऱ्य डावीकडून आडवी छोटी रेघ घेतो. जुन्या फाँटमध्ये ही दोन वेगळी चित्रं होती. माझ्या तक्त्यानं दोन्ही एकाच खुंटीला टांगली होती. त्यामुळे दुसऱ्याचं दुसर्या झालं, आचाऱ्यांचे आचार्य झाले. हे कुणाच्याही चार दिवसांत लक्षात आलं असतं, तक्ता कुणासमोर असता तर. २००७ साली मी तो त्या प्रश्नाखाली ठेवला असता आणि वर दोन रुपये पान म्हटलं असतं, तरी आला असता.

ग्रंथपाल आता निवृत्त आहेत. त्यांना फोन केला तेव्हा त्यांना मी आठवलो, बिलही आठवलं. त्या एकोणीसशे पानांतल्या कित्येक पानांवर सह्याद्रीचं वर्णन आहे, कारण स्मरणिका एका गिर्यारोहण शिबिराच्या पंचविशीच्या होत्या. त्या सगळ्या पानांवर गेली सतरा वर्षं माणसं खोल दर्या उतरून पलीकडच्या गावाला जात आहेत. यंदाच्या मे महिन्यापासून मी ती पानं दुरुस्त करायला घेतली आहेत. चारशे बारा झाली.